ग्रिल उघडलं तेव्हा

दुपारी भंगारवाला दुकानातलं ग्रिल न्यायला येणार असं नवऱ्यानं चहा देताना सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मी आज दुकानात येते."

त्यानं हातातली बशी खाली ठेवली. अपघात झाल्यापासून ती दुकानाच्या रस्त्यालासुद्धा गेली नव्हती. भाजी आणायलासुद्धा लांबच्या गल्लीनं जायची.

"कशाला उगाच?" तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे. तो येईल, गाडीवर टाकेल आणि घेऊन जाईल."

"नेण्याआधी मला ते बघायचंय."

"काय बघायचंय त्यात?"

"आतून बघायचंय. उघडून. माझा हात कशानं जळला ते मला दिसू दे तरी."

त्यानं तिच्या चहात साखर घालून ढवळली, कप तिच्या डाव्या हाताशी ठेवला आणि चपला घालून खाली जाऊन उभा राहिला.

दुकान म्हणजे त्या दोघांचं छोटंसं खानावळीसारखं हॉटेल. पुढे गल्ला, मध्ये भिंतीला टेकवलेली टेबलं, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे भिंतींनी घेरलेलं मोकळं अंगण. येणारे-जाणारे सगळे त्याला भाऊ म्हणत, तिला वहिनी. मासे, कोंबडी, कणसं, वांगी, जे मागाल ते ग्रिलवर भाजून मिळायचं, आणि लोक त्यासाठीच यायचे. ते ग्रिल त्यांनी एका मोठ्या हॉटेलातून जुनं घेतलं होतं. ते हॉटेल बंद पडत होतं आणि मालक मिळेल त्या भावात सामान काढत होता. चकचकीत स्टीलचं अवजड धूड, वर गोलाकार झाकण, पुढे बटणांची रांग. आणलं त्या दिवशी दोघं त्याच्यासमोर नवीन लग्न झालेल्यांसारखी उभी राहिली होती. "आपल्यापेक्षा हेच जास्त टिकेल," असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि तिनं त्याला अशुभ बोलतो म्हणून रागे भरलं होतं.

रोज दुकान बंद करताना तो ग्रिल बाहेरून घासायचा आणि ती आतून धुवायची. स्वच्छतेच्या बाबतीत ती भलतीच कडक. टेबलावर पाण्याचा डाग दिसला तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. खाणाऱ्याच्या पोटात काही गेलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं ती म्हणायची.

आणि मग एका ऐन गर्दीच्या दुपारी तिनं मधलं बटण फिरवलं, तशी ज्योत जाळीखाली पेटण्याऐवजी बटणांच्या मागून बाहेर आली. बाही पेटली. नवऱ्यानं ओलं पोतं फेकलं, सिलिंडर बंद केला, तिला उचलून रस्त्यावर आणलं. हे सगळं भराभर झालं, तरी उजवा हात कोपरापर्यंत भाजला तो भाजलाच. मांडीची कातडी काढून हाताला लावावी लागली. बोटं वाचली, पण मिटेनात.

हॉस्पिटलात जरा बोलण्याइतकी झाली तेव्हा तिनं विचारलं होतं, "कसं झालं हे?"

"बर्नर सडले होते," तो म्हणाला होता. "मी बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

तिनं भिंतीकडे तोंड केलं.

कारण तिला आठवत होतं. ज्योत कितीतरी दिवस पिवळी येत होती. निळी ज्योत पिवळी पडली की काहीतरी बिनसलंय हे कुणालाही कळतं. तिनं त्याला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो "बघतो" म्हणाला होता आणि बाहेरचं स्टील घासत राहिला होता. लोकांना दिसतं तेवढंच चमकवायचं, आत काय का होईना! पडल्या पडल्या ती हेच घोळवत बसायची, आणि घोळवता घोळवता राग दगडासारखा झाला.

घरी आल्यावर त्यानं तिचं सगळं केलं. केस विंचरले, वेणी घातली, ताटातला घास मोडून दिला, हाताला मलम चोळलं, त्यावर डॉक्टरांनी दिलेला घट्ट हातमोजा चढवला. ती कामापुरतं बोलायची. पाणी द्या. दिवा घालवा. एवढंच. दुकानात आता चहा, पाव आणि थंड पेयांपलीकडे काही मिळत नव्हतं. ग्रिल अंगणात ढकलून त्यावर ताडपत्री टाकली होती. रोज संध्याकाळी तिच्या ताईचा फोन यायचा, आणि ताई तिकडून तापायची. "तो माणूस समोर असून कसं काय गप्प बसवतं गं तुला?" एकदा ती ताईला म्हणाली होती, "ज्याच्या भरवशावर मी आगीसमोर उभी राहिले, त्यानंच मला जाळलं." फोन ठेवून वळली, तर तो जेवणाचं ताट घेऊन दारात उभा होता. त्यानं ताट ठेवलं आणि "गार होईल" म्हणाला.

भंगारवाला येणार होता त्या दिवशी ती नवऱ्यामागून दुकानात शिरली. स्वयंपाकघरात ग्रिलच्या जागी रिकामा चौकोन होता आणि भिंतीवर आगीचा काळा डाग उमटलेला. तिकडे न बघता ती सरळ अंगणात गेली. नवऱ्यानं नाइलाजानं शेजारच्या वेल्डरला हाक मारली होती, कारण नटबोल्ट इतके जाम झाले होते की ते एकट्याच्यानं निघण्यातले नव्हते.

या वेल्डरला सगळी वस्ती ठिणगी म्हणायची. कामामुळे नव्हे, स्वभावामुळे. साधं "झालं का?" विचारलं तरी भडकायचा. पण तिला बघताच त्यानं हातातली विडी विझवली. "या वहिनी," म्हणाला आणि एक स्टूल पुसून पुढे केलं.

ताडपत्री निघाली. झाकणावर चहा सांडल्यासारखे तांबूस डाग पडले होते.

"बघा," ती पटकन म्हणाली, "बाहेरूनसुद्धा गंजलंय."

ठिणगीनं खिशातून लोहचुंबक काढून झाकणाला लावला. तो घसरून खाली पडला. "हे झाकण उत्तम स्टीलचं आहे, वहिनी. चुंबक धरत नाही. हा गंज स्टीलचा नाहीच." मग नवऱ्याकडे बघून म्हणाला, "कशानं घासायचात? लोखंडी तारेच्या घासणीनं ना?"

"हो," नवरा म्हणाला.

"मग तुम्ही घासत नव्हतात, लोखंड पेरत होतात. त्या तारेचे कण स्टीलमध्ये अडकतात आणि तेच गंजतात. वर वर आहे, निघेल."

तिला आतून एक कडवट समाधान वाटलं. चमकवणंसुद्धा धड जमलं नाही ह्यांना!

बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून दोघं पुरुष वाट बघत बसले. मग एकेक बोल्ट कुरकुरत सुटला, दोन तुटलेच. जाळ्या निघाल्या, त्याखालचे पत्रे निघाले. खालचा सांगाडा नुसताच वरून रंगवलेला लोखंडाचा होता आणि हात लावताच त्याचे पापुद्रे पडत होते. शेवटी ठिणगीनं मधला बर्नर बाहेर काढला. हातभर लांब नळी, वर ज्योतीसाठी भोकांची ओळ. वरून चांगला धड दिसत होता. त्यानं तो उलटा केला.

खालची बाजू चाळणी झाली होती. बटणांजवळच्या टोकाला तर करंगळी जाईल एवढं भगदाड होतं.

"इथून," ठिणगी म्हणाला. "गॅस पुढे जायच्या आधीच इथून बाहेर पडला."

ती उठून जवळ गेली. त्या भगदाडाकडे बघत राहिली. इतके महिने तिनं मनात ह्याच गोष्टीला आकार दिला होता आणि प्रत्यक्षात ते किती छोटं होतं!

"इतकं सडेपर्यंत कुणी बघितलं नाही," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

"सडायला वेळच कितीसा लागला असेल?" ठिणगी बर्नर फिरवत म्हणाला. "हे पाण्यानं नाही होत, वहिनी. बाहेर पावसात टाकला असता तरी हा बर्नर वर्षानुवर्षं टिकला असता. हे ब्लीचचं काम. ब्लीच आणि स्टील यांचं हाडवैर. वरून ओतायचं, नीट धुवायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यावरच आग पेटवायची. मग आणखी काय होणार? आग लागली तेव्हा भाऊंनी मला बोलावलं होतं ना, तेव्हाच सांगितलं मी त्यांना. खालच्या ट्रेला वास येत होता अजून. विचारलंसुद्धा, धुवायला कुठला शहाणा ठेवला होतात म्हणून."

"मिस्त्री, आता ते राहू द्या," नवरा घाईघाईनं म्हणाला. "तो सांगाडा बघा जरा."

"राहू द्या काय? नवीन घेतलंत तरी तोच शहाणा परत..."

"मी," ती म्हणाली. "आतून मी धुवायचे."

ठिणगीच्या हातातला पाना तसाच राहिला. त्यानं तिच्या हातमोज्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "मी जरा... मापाची पट्टी आणतो," असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला. पट्टी त्याच्या खिशातच होती.

ती स्टुलावर बसली. तिला ग्रिल धुवायची बादली दिसत होती. त्यात बाटलीचं झाकणभर ब्लीच, कधी हात सैल सुटला तर जास्तच. वरून भस्सकन ओतायची, जाळीवरून फडकं फिरवायची, की झालं. बर्नरखाली काय साचतंय ते बघायचं तिच्याही कधी मनात आलं नव्हतं. तो वास तिला स्वच्छ वाटायचा.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"हॉस्पिटलात मी विचारलं तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग खोटं का बोललात?"

"खोटं कुठं? मी बघायला हवं होतं, हे खरंच आहे." तो जमिनीवर उकिडवा बसला होता आणि सुटलेले बोल्ट एका डब्यात टाकत होता. "ज्योत पिवळी झाली होती. तू सांगितलंस. मी म्हटलं गर्दी ओसरू दे, मग उघडू. खाली नुसता हात घालून चाचपलं असतं तरी कळलं असतं. ते मी केलं नाही."

"आणि ब्लीचचं?"

"तुझा हात बघितला होता मी, पट्टी बदलताना. त्या अवस्थेत तुला काय सांगू? की हे तूच..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "वाटलं, माझ्यावर रागावलेली बरी. रागानं का होईना, जेवत होतीस, व्यायाम करत होतीस. स्वतःला खात बसली असतीस तर उठली नसतीस."

"हे तुम्ही ठरवलंत."

"हो."

"मला न विचारता." तिचा आवाज चढला. "मी तुम्हाला काय काय बोलले! ताईला काय काय सांगितलं! सगळ्या नातेवाइकांत तुमचं नाव खराब केलं. तुम्ही ताट घेऊन उभे होता आणि ऐकत होता. तुम्हाला मोठेपणा मिळाला आणि मला काय मिळालं? मला तुम्ही दुष्ट करून ठेवलंत!"

हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नसावं. त्यानं हातातला बोल्ट डब्यात न टाकता खाली ठेवला. म्हणाला, "मोठेपणा नव्हता गं. पहिल्या दिवशी सांगवलं नाही. मग दुसऱ्या दिवशी अजून अवघड झालं. मग रोजच."

ती रडायला लागली, तसा तो उठला. "आत्ता हात लावू नका मला," ती म्हणाली. तो तिथंच थांबला. मग थोड्या वेळानं तिनंच पाणी मागितलं, त्यानं आणून दिलं. ते पिऊन तिनं पेला परत दिला तेव्हा दोघांची बोटं एकमेकांना लागली. हात कुणीच पटकन मागे घेतला नाही.

तेवढ्यात भंगारवाला हातगाडी घेऊन दारात आला. "हेच ना? उचलू?"

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं.

"सगळं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "काय द्यायचं आणि काय ठेवायचं ते बघू दे आधी."

ठिणगी, जो भिंतीपलीकडे नक्कीच सगळं ऐकत होता, लगेच आत आला. त्यानं चुंबक घेऊन दोन ढीग केले. लोखंडी सांगाडा, सडलेले बर्नर, खालचा पत्रा भंगारात. झाकण, जाळ्या, बाजूचे पत्रे, बटणांची पट्टी ठेवण्यासारखं. "सांगाडा मी स्टीलचा करून देतो," तो म्हणाला. "बर्नर जाड पत्र्याचे मिळतात ते आणा. नळ्या आणि बटणांमागचे गॅसचे कॉक मात्र सगळे नवीन घ्या, तिथं काटकसर केलीत तर मी कामाला हात लावणार नाही." आवाज नेहमीसारखा तापट झाला होता, त्यामुळे सगळ्यांनाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात यायला लागली. बोटांच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी तिला मऊ चेंडू दिला होता, त्याचा तिला मनस्वी कंटाळा. त्याऐवजी ती अंगणात बसून हिरवी घासणी आणि साबणानं झाकण घासू लागली. स्टीलवर बारीक रेषा असतात, त्या रेषांच्या दिशेनंच घासायचं, आडवं नाही, असं ठिणगीनं बजावलं होतं. मग कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिडची पावडर विरघळवून ते पाणी फडक्यानं लावायचं, थोडा वेळ ठेवायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं आणि कोरडं पुसून काढायचं. आधी ती डाव्या हातानं घासायची. मग उजवा पंजा नुसता घासणीवर ठेवून वरून डाव्यानं दाबायची. नवीन कातडी ओढली जायची, डोळ्यांत पाणी यायचं. तांबूस डाग मात्र खरंच जात होते. जाळ्यांवर जिथं ब्लीचनं टोचे पाडले होते, ते गेले नाहीत. त्यांवरून ती बोट फिरवायची आणि पुढे सरकायची.

नवरा पलीकडे बसून, गॅस गळू नये म्हणून नळ्यांच्या तोंडाला दोरा गुंडाळत असायचा. दोघं फारसं बोलत नसत, पण आता त्या गप्प बसण्यात पूर्वीचा दगड नव्हता. एकदा तिनं विचारलं, "तुम्हाला माझा राग नाही आला कधी?"

"आला ना," तो म्हणाला. "ताईला सांगत होतीस त्या दिवशी फार आला. खाली जाऊन रस्त्याच्या टोकापर्यंत चालून आलो."

"मग?"

"मग काय, तुझ्या मलमाची वेळ झाली होती."

संध्याकाळी ताईचा फोन आला. "तू म्हणे दुकानात जायला लागलीस! त्यानंच बळजबरी केली असणार."

"ताई, ऐक. ब्लीच मी ओतत होते. त्यानंच बर्नर सडले."

पलीकडून ताई म्हणाली, "असं तो सांगतोय का तुला आता?"

"ते सांगतच नव्हते. तोच तर घोटाळा झाला." तिनं सगळं सांगितलं, पिवळ्या ज्योतीसकट, कारण ताईसमोर कुणालाच धुतल्या तांदळासारखं दाखवायचं नव्हतं, ना त्याला, ना स्वतःला. शेवटी म्हणाली, "तू त्यांच्याबद्दल जे बोललीस ते परत घे. मी माझं घेतलंय."

खरं तर घेतलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आता घ्यावं लागणार. तो स्वयंपाकघरात भांडी विसळत होता. ती दाराला टेकून उभी राहिली.

"ताईला सांगितलं मी."

"काय?"

"सगळं. आणि... तुम्ही मला जाळलंत असं मी म्हणाले होते. ते चुकलं माझं."

"त्याची गरज नव्हती."

"माझ्यासाठी गरज काय आणि काय नाही, हे तुम्ही ठरवणं बंद करा बघू."

त्याला हसू आलं. पाठमोरा होता, पण खांदे हलले ते तिला दिसलं.

ग्रिल जोडून झालं त्या दिवशी ठिणगीनं प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं आणि डोळे बारीक करून बुडबुडा येतो का बघितलं. आला नाही. नवऱ्यानं एकेक बटण फिरवलं. निळ्या ज्योतींची सरळ ओळ उभी राहिली. ती दारात उभी होती. मधलं बटण फिरवताना झालेला तो बारीकसा आवाज ऐकला मात्र, ती रस्त्यावर निघून गेली. नवरा मागे आला नाही. गॅस बंद करून, स्टूल घेऊन तो पुढच्या दारात बसला, ती परत येईपर्यंत.

पुढे कितीतरी दिवस ग्रिलवर तोच उभा राहिला आणि ती गल्ल्यावर. जुनी गिऱ्हाइकं परतली. धुण्याची पद्धत बदलली. फक्त गरम पाणी आणि साबण, ब्लीचची बाटली फरशीपुरती, आणि दर महिन्याला दोघांनी मिळून बर्नर काढून उलटे करून बघायचे. कधी ती धरायची, तो बघायचा, कधी उलट. तिची दोन बोटं कायमची अर्धी वाकलेलीच राहिली. उष्णता त्या हाताला अजून सोसत नव्हती. डॉक्टर म्हणाले, सोसेल किंवा नाहीही सोसणार.

मग एका साध्याच दुपारी, फारशी गर्दी नव्हती तेव्हा, ती गल्ल्यावरून उठली. नवरा मासे साफ करत होता. तिनं डाव्या हातानं मधलं बटण फिरवलं आणि खाली वाकून ज्योत बघितली. निळी होती. तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो आगीचा नव्हता, कारण ग्रिल अजून तापलंच नव्हतं.

"कणसं आहेत का शिल्लक?" तिनं विचारलं.

"आहेत," तो म्हणाला. आवाज सांभाळून, मासळीवरची नजर न उचलता. "किती देऊ?"

"दोनच द्या. आपल्यालाच."